वाचकांचे प्रश्न : कार्टूनसारखा गेम, अटीतटीचा सामना

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: दोन टीम समोरासमोर लढतात अशा गेमला कार्टूनसारखं चित्ररूप मानवतं का? खेळणाऱ्यांनी विचारलंय, बनवणाऱ्यांनी विचारलंय आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनीही. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले जुने खेळाडू व्हॅलोरंट, ओव्हरवॉच, फोर्टनाइट यांना पोरांचे गेम म्हणतात. खरी स्पर्धा काउंटर-स्ट्राइकसारख्या खऱ्या दिसणाऱ्या गेममध्येच, असं त्यांचं ठाम मत आहे. यात तथ्य किती?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नौपाडा, ठाणे

फारसं नाही. जिंकण्यासाठी खेळणारे लोक पहिल्यापासून काय करत आले ते बघा. 1999 साली आलेल्या क्वेक 3 अरेनामध्ये मुरलेले खेळाडू कन्सोल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडून पिकमिप या सेटिंगचा आकडा वाढवायचे. त्याने भिंतींवरचे विटा, गंज, डाग सगळे पुसले जाऊन नुसते सपाट रंग उरायचे. जोडीला दुसऱ्या एका सेटिंगने सगळे प्रतिस्पर्धी एकाच मॉडेलमध्ये दिसतील असं करून घ्यायचे. चित्रकारांनी मेहनतीने रंगवलेला काळोखा किल्ला आणि खेळाडूंच्या पडद्यावर भडक, सपाट पात्रं! कार्टूनचा आग्रह कोणी धरला नव्हता, पण शत्रू अर्धा क्षण आधी दिसायला हवा म्हटल्यावर गेम आपोआप तिकडे सरकला. आज बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) ग्राफिक्स ‘स्मूद’, फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’ आणि स्टाइल ‘कलरफुल’ लावणारा खेळाडू तेच करत असतो.

हे काम खेळाडूवर न सोडता गेम बनवणाऱ्यांनी स्वतः केलं, तर काय होतं त्याचा नमुना म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा टीम फोर्ट्रेस 2. गेम 2007 सालचा. त्याच वर्षी त्याच्या चित्रकारांनी आणि प्रोग्रामरनी मिळून आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले अमेरिकन मासिकचित्रकार, विशेषतः लायेंडेकर, हा त्यांचा आधार. त्यांनी डोळ्यासमोर तीन प्रश्न ओळीने ठेवले. हा आपला की त्यांचा? ते रंगाने कळावं. नऊ प्रकारच्या पात्रांपैकी हा कोण? ते नुसत्या छायाकृतीवरून कळावं. हातात काय आहे? त्यासाठी पायाकडे गडद असलेला रंग छातीपर्यंत उजळत नेला, म्हणजे नजर आपोआप शस्त्र असतं तिथे जाऊन थांबते. प्रत्येक पात्राच्या कडेला उजेडाची एक रेघ ठेवली, त्यामुळे मागची भिंत कशीही असली तरी माणूस तिच्यापासून सुटा दिसतो. खऱ्या माणसांच्या छायाकृती इतक्या वेगळ्या नसतात आणि खऱ्या उजेडात अशी रेघ प्रत्येक वेळी पडत नाही, म्हणून वास्तवदर्शी गेममध्ये ही मुभा घेता येत नाही. कार्टून शैलीची खरी ताकद ही मुभा आहे.

तरीही तुमच्या मित्रांचं म्हणणं अगदीच फेकून देऊ नका. खऱ्या मापाच्या माणसाचा एक मोठा फायदा असतो: माणूस आणि दरवाजा किती उंच असतो हे डोळ्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे अंतराचा अंदाज लगेच येतो. कार्टूनमध्ये एक पात्र ठेंगणं आणि दुसरं राक्षसाएवढं असेल, तर हा अंदाज नव्याने शिकावा लागतो. काउंटर-स्ट्राइक टिकला तो मॅपच्या, म्हणजे खेळाच्या मैदानाच्या, शिस्तीवर. भिंती मोकळ्या, कोपरे ठरलेले, उभं राहायच्या जागांमागे शक्यतो साधा रंग. 2023 साली काउंटर-स्ट्राइक 2 आला तेव्हा त्याचे काही जुने मॅप आणखी स्वच्छ आणि उजळ करून मांडले गेले, हेही त्यांच्या कानावर घाला.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून फोनवर चालणारा पाच विरुद्ध पाच गेम करतोय. मॅप ठाणे खाडीचा आहे: खारफुटी, चिखल, जेट्टी, मागे फ्लेमिंगोंचे थवे. पात्रं कार्टूनसारखी, एक टीम लाल आणि एक निळी. खेळून बघणारे सगळे एकच सांगतात की कोण आपला, कोण त्यांचा हे कळत नाही. कॉम्प्युटरवर तर छान दिसतंय. काय चुकतंय?
— बी.एस्सी. आयटीचे विद्यार्थी, नेरूळ

आधी हिशोब करू. समजा फोनचा पडदा 720 ओळींचा आहे आणि कॅमेऱ्याचा उभा कोन 50 अंश. 40 मीटरवर तुम्हाला साधारण 37 मीटर उंचीचा देखावा दिसतो. 1.8 मीटरचं पात्र त्यात जेमतेम 35 पिक्सेल उंच भरतं. खऱ्या मापाच्या माणसाचं डोकं म्हणजे उंचीचा साडेसातावा भाग, साधारण साडेचार पिक्सेल. चार डोक्यांच्या उंचीचं कार्टून पात्र केलंत तर तेच डोकं पावणेनऊ पिक्सेलचं होतं. डोळे, बटणं, बुटाच्या नाड्या यातलं काहीही तिथवर पोहोचत नाही. पोहोचतात फक्त तीन गोष्टी: छायाकृती, उजळ-गडद आणि रंग. मोठ्या मॉनिटरवर पात्र पडदाभर करून बघितलं की हे लक्षातच येत नाही. म्हणून पहिला नियम असा की पात्राला मंजुरी 35 पिक्सेलवर, स्वस्तातल्या फोनवर आणि खिडकीजवळ दुपारच्या उजेडात द्यायची.

आता लाल-निळ्याचं. खेळाचे दहा-बारा स्क्रीनशॉट काढा आणि जिंप या चित्र संपादनाच्या प्रोग्राममध्ये डिसॅच्युरेट करताना ल्युमिनन्स हा पर्याय घेऊन कृष्णधवल करा. रंग निवडायच्या खिडकीतला उजळपणाचा आकडा या कामाचा नाही. तिथे शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा दोन्ही 100 दाखवतात. डोळ्याला मात्र उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लाल 21 आणि निळा फक्त 7 टक्के जाणवतो. म्हणजे तुमची निळी टीम खारफुटीच्या सावलीत जवळजवळ काळी होते, आणि लाल टीमचा उजळपणा चिखलाच्या आणि मध्यम हिरव्याच्या जवळ जाऊन बसतो. कृष्णधवल चित्रात दोन्ही टीम गायब झालेल्या दिसतील. दोष तिथेच आहे.

सुरुवातीला हे आकडे धरा आणि मग खेळून बदला. खारफुटी, चिखल, पाणी यांचा उजळपणा 30 ते 55 टक्क्यांच्या पट्ट्यात दाबून ठेवा आणि रंगाचा भडकपणा (सॅच्युरेशन) 35 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. पात्राची छाती आणि खांदे 65 ते 80 टक्के उजळ, पाय 20 ते 25. टीमचा रंग अंगभर फासू नका. तो डोकं, खांदे आणि पाठ एवढ्यातच ठेवा, कारण खारफुटीच्या मुळांमागे पाय झाकले जातात आणि वरचा भाग दिसतो. लाल सोडा. हिरव्यावरचा लाल हा रंगांधांसाठी सगळ्यात वाईट जोड आहे. नारिंगी-पिवळा विरुद्ध फिकट निळा घ्या, आणि निळ्यात पांढरा मिसळून त्याचा उजळपणा नारिंगीच्या आसपास आणा. एक टीम उजळ आणि एक गडद राहिली तर गडद टीमला सावलीत फुकटचा फायदा मिळतो. तो अन्याय खेळाडूंच्या दोन दिवसांत लक्षात येतो.

फ्लेमिंगो ठेवा. ठाणे खाडी त्यांच्याशिवाय ठाणे खाडी वाटणारच नाही. फक्त त्यांचा गुलाबी रंग टीमच्या रंगापासून लांब राहिला पाहिजे (लाल सोडल्यावर हे निम्मं आपोआप सुटतं) आणि त्यांनी उगाच उडता कामा नये. नजरेच्या कडेला आपल्याला रंग आणि आकार धूसर कळतात, हालचाल मात्र चटकन कळते. मागे सतत उडणारा थवा म्हणजे दर काही सेकंदांनी खोटी सूचना. थवा एरवी उथळ पाण्यात संथ चालू दे आणि जवळ गोळी सुटली किंवा कोणी धावत गेलं तरच उडू दे. मग तोच पक्षी खेळाडूला खरी बातमी देतो, आणि हे करायला कार्टून शैलीत आडकाठी काहीच नाही.

शेडिंगबद्दल, म्हणजे पात्रावरच्या उजेड-सावलीबद्दल. दोन टप्प्यांचं कडक कार्टून शेडिंग जवळून देखणं दिसतं, पण सावलीची रेघ छातीवरून आडवी गेली की दुरून पात्राचे दोन तुकडे दिसतात. रेघ थोडी मऊ करा. सावलीतला भाग पूर्ण काळा होऊ नये म्हणून उजेडाच्या गणितात एक जुनी युक्ती आहे: पृष्ठ आणि उजेड यांच्या दिशांचा गुणाकार (डॉट प्रॉडक्ट) येतो त्याला निम्मं करा, त्यात अर्धा मिळवा आणि हवं तर वर्ग करा. व्हॉल्व्हने ती 1998 सालच्या हाफ-लाइफपासून वापरली. शेडिंगचं रॅम्प टेक्स्चर (गडद ते उजळ टप्पे ठरवणारी रंगपट्टी) रुंदीला 256 पिक्सेल पुरे. त्याचं रॅपिंग ‘क्लॅम्प’वर ठेवा, मिपमॅप (टेक्स्चरच्या लहान प्रती) बंद करा, कॉम्प्रेशन करू नका. क्लॅम्प विसरलात तर सगळ्यात उजळ जागी काळा ठिपका येतो, आणि कॉम्प्रेस केलंत तर गालावर पायऱ्या दिसतात. या दोन तक्रारींचा शोध घेत पोरं रात्र घालवतात आणि चूक इम्पोर्ट सेटिंगमध्ये असते.

काळी बाह्यरेषा हवीच असेल तर मॉडेलची दुसरी प्रत फुगवून, तिच्या बाजू उलटवून मागे काढायची पद्धत फोनला बरी पडते. खर्च एवढाच की पात्राचे शिरोबिंदू (मॉडेलच्या कोपऱ्यांचे बिंदू) दुप्पट होतात. डबा, हेल्मेट अशा टोकदार कडांवर रेषेला भेगा पडतात, कारण एकाच जागी दोन दिशांचे नॉर्मल (पृष्ठाचं तोंड कुठे आहे ते सांगणारे बाण) असतात. त्या जागी सरासरी नॉर्मल काढून शिरोबिंदूच्या रंगात साठवा आणि फुगवताना तेच वापरा. पूर्ण पडदाभर कडा शोधणारा पोस्ट-प्रोसेस शेडर फोनवर टाळा. डेप्थ बफर (प्रत्येक पिक्सेलच्या अंतराची नोंद) पुन्हा वाचण्यासाठी सगळं चित्र चिपबाहेरच्या मेमरीत ये-जा करतं, फोन तापतो, आणि मे महिन्यातल्या नेरूळमध्ये तापलेला फोन दहा-पंधरा मिनिटांत वेग उतरवतो. रेषेची जाडी पडद्याच्या मापात धरा, दीड ते तीन पिक्सेल. 25 मीटरच्या पुढे ती विरू द्या. चार पिक्सेलच्या हाताला दोन्ही बाजूंनी दोन-दोन पिक्सेलची काळी रेघ आली तर हात उरतच नाही. तिथून पुढे कडेच्या उजेडाने काम करा. पण सपाट पाठीवर किंवा चौकोनी दप्तरावर तो उजेड नीट पडत नाही, म्हणून अशा जागा किंचित गोलसर करून घ्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं: डोकं मोठं केलंत तर गोळी लागायचा भागही तेवढाच मोठा हवा. चित्र एक दाखवतं आणि गणित दुसरं करतं, असं झालं की खेळाडू गेम सोडून जातो. दहा पात्रं असतील तर व्हॅलोरंटसारखा मार्ग सोपा, तिथे सगळ्या एजंटांचा (पात्रांचा) हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागायचा भाग, सारखाच आहे. पात्रं वेगवेगळ्या आकारांची हवी असतील तर मोठ्याला जास्त जीव द्या. आणि वाराआधीच्या तयारीच्या अ‍ॅनिमेशनबद्दल सावध राहा. कार्टूनमध्ये ठोसा मारण्याआधी हात मागे ओढला जातो, ते समोरच्याला दिसायला हवं, पण बटण दाबणाऱ्याच्या स्वतःच्या पडद्यावर त्यामुळे उशीर व्हायला नको. एका सेकंदाला 60 चित्रं धरली तर सहा चित्रांची तयारी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. बंदुकीला तो परवडत नाही, मोठ्या हातोड्याला शोभून दिसतो.

प्रश्न : मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. व्हॅलोरंटमध्ये शत्रूभोवतीची लाल कड हिरवळीसमोर हरवते. माझ्यासाठी वास्तवदर्शी गेमच बरे का?
— वाचक, वाशी

उलट आहे. वास्तवदर्शी गेममध्ये सहसा अशी कडच नसते, त्यामुळे तिचा रंग बदलायचा प्रश्नच नसतो. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये जनरलखाली अ‍ॅक्सेसिबिलिटी आहे. तिथे शत्रूच्या कडेचा रंग लालऐवजी पिवळा किंवा जांभळा करता येतो. लाल-हिरव्याच्या अडचणीसाठी पिवळा आहे, तो घ्या. तुमच्यासारखी अडचण नसलेले कितीतरी खेळाडूही तोच लावतात. संपूर्ण पडद्याचे रंग बदलणारे फिल्टर मात्र शक्यतो टाळा. त्याने शत्रूसोबत मॅपचेही रंग सरकतात आणि पाठ झालेले कोपरे अनोळखी होतात. निन्टेंडोच्या स्प्लॅटूनमध्ये तर सगळा खेळ शाईच्या रंगावर चालतो, तरी रंगांची ठरावीक जोडी कायम ठेवायची सोय त्यात दिलेली आहे.

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी गेमची स्पर्धा घ्यायची आहे. तळमजल्यावरचा हॉल आणि प्रोजेक्टर आहे. कमिटीतले काका म्हणतात, कार्टूनचाच गेम घ्या, लहान मुलं असतात. कोणता घ्यावा?
— कार्यकर्ते, घोडबंदर रोड, ठाणे

काकांचा हेतू रास्त आहे, पण कार्टून दिसतो म्हणून गेम लहान मुलांचा होत नाही. टीम फोर्ट्रेस 2 ला अमेरिकेत ‘मॅच्युअर’ म्हणजे 17 वर्षांपुढचं मानांकन आहे आणि व्हॅलोरंटला युरोपात 16. चित्र न बघता पेटीवरचं किंवा स्टोअरवरचं वयाचं मानांकन बघा. तुमच्या कामाला रॉकेट लीग उत्तम: गाड्यांचा फुटबॉल, युरोपातलं मानांकन 3, पीसीवर 2020 पासून मोफत. निळी टीम विरुद्ध नारिंगी टीम, मैदान मोकळं, एक मोठा चेंडू. कधीच गेम न खेळलेल्या आजीलाही दोन मिनिटांत कोण जिंकतंय ते कळेल.

हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू असतील तर प्रोजेक्टरचा काळा रंग पडद्याच्या स्वतःच्या उजळपणापेक्षा खाली जाऊच शकत नाही. अंधारे, धुरकट गेम तिथे राखाडी होऊन जातात. रंगांची आणि उजळ-गडदाची मोठी तफावत असलेलं चित्र तग धरतं. पडद्यासमोरच्या दोन ओळींच्या ट्यूब बंद करा. 3000 ल्युमेनच्या आसपासचा प्रोजेक्टर असेल तर पडदा 100 इंचांहून मोठा करू नका. खेळाडूंना प्रोजेक्टरवर खेळवू नका, त्यात बटण आणि चित्र यांत अंतर पडतं. ते मॉनिटरवर खेळतील, प्रेक्षक पडद्यावर बघतील. इंटरनेटसाठी वायफायवर विसंबू नका, वरच्या मजल्यांवरचे सगळे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. केबल ओढा.

वेळेचा हिशोब: दोघांची एक टीम अशा 16 टीम, हरला की बाहेर, म्हणजे 15 सामने. घड्याळ पाच मिनिटांचं असतं, पण गोलचे रिप्ले आणि जादा वेळ धरून आठ मिनिटं, खेळाडू बदलायला पाच. एकूण 195 मिनिटं. चार पीसी लागतील. दुपारी साडेतीनला सुरू केलंत तर पावणेसातला संपतं आणि संध्याकाळच्या आरतीला हॉल मोकळा मिळतो.

फायनलला आणखी एक करा. काही गेममध्ये प्रत्येकाला आपली टीम एका रंगाची आणि समोरची दुसऱ्या रंगाची दिसते. खेळाडूला ते सोयीचं, पण प्रेक्षकांसाठी पडदा एका खेळाडूवरून दुसऱ्यावर गेला की रंग उलटतात आणि हॉलभर गोंधळ. प्रेक्षकांच्या पडद्यावर रंग कायम ठेवणारा गेम निवडा. रॉकेट लीगमध्ये ही चिंता नाही.

प्रश्न : पैसे देऊन घेतलेल्या स्किनने (पात्राच्या पोशाखाने किंवा बंदुकीच्या सजावटीने) खरंच फायदा होतो का?
— वाचक, ऐरोली

कधी कधी होतो, आणि होऊ नये. काउंटर-स्ट्राइकमध्ये 2019 साली एजंटांचे पोशाख आले तेव्हा काही हिरवट पोशाख झाडीत मिसळतात अशी ओरड झाली. फोर्टनाइटमध्ये 2020 साली आलेले सुपरहीरोंचे पोशाख लोकांनी पूर्ण काळे किंवा पूर्ण पांढरे रंगवले. पात्रावरचे सगळे उजळ-गडद फरक गेले आणि सावलीत माणूस ओळखू येईना. नंतर फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने त्या रंगांवर बंधनं घातली. टीम फोर्ट्रेस 2 मध्येही टोप्यांची रेलचेल झाल्यावर, इतक्या काळजीने घडवलेल्या नऊ छायाकृती धूसर झाल्या. तो गेम आवडणाऱ्या कोणालाही याचं वाईट वाटेल. व्हॅलोरंटने बंदुकांची सजावट विकली आणि एजंटांच्या अंगावरचे कपडे बदलू दिले नाहीत. दुकान चालवूनही खेळ स्वच्छ ठेवायचा हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. तुम्ही स्किन घेणार असाल तर बंदुकीची घ्या, आणि गोळी झाडल्यावर तिचा धूर-ठिणग्या नेमका मध्यबिंदू झाकतात का ते प्रॅक्टिस मोडमध्ये किंवा व्हिडिओवर आधी बघा.

प्रश्न : फायटिंग गेममध्येही कार्टून शैलीचं हेच गणित लागू पडतं का?
— वाचक, खारघर

हो, आणि तिथे तर कार्टून शैली जास्तच रुजलेली आहे. 2001 सालचा सुपर स्मॅश ब्रदर्स मेली आजही स्पर्धांत खेळला जातो. आर्क सिस्टीम वर्क्सच्या गिल्टी गिअर एक्सर्डमध्ये मॉडेल त्रिमितीय आहेत, पण दोन पोजमधली चित्रं कॉम्प्युटरला भरू न देता एकेक पोज हातानेच लावलेली आहे. पोज ठसठशीत थांबते, त्यामुळे कुठला वार येतोय हे समोरच्याला वाचता येतं. शिकायला सुरुवात करत असाल तर ट्रेनिंग मोडमध्ये प्रतिस्पर्ध्याचा एकच वार रेकॉर्ड करून वीस-पंचवीस वेळा अडवा, आणि तो त्याच्या कितव्या चित्राला ओळखू येतो ते पाहा. जिथे हात किंवा पाय धडाच्या बाहेर पडून मोकळ्या जागेत दिसतो, तिथेच बहुतेक वेळा ओळख पटते.